मी न वाचलेला करारनामा

ती घटना आजही आठवते आणि मान खाली जाते. तपासाबद्दल शाबासक्या मी पुष्कळ घेतल्या. या तपासाचीही सुरुवातीला मिळाली होती. नाव मी कुणाचंच सांगणार नाही. जेव्हा झाकायला हवं होतं तेव्हा मी झाकलं नाही, निदान आता तरी झाकतो.

भूकंपाला बरीच वर्षं उलटली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असताना बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी एक बाई आली.

"साहेब, क्लासवाल्या सरच्या घरी चार दिस झाले न्हाऊ घालायला जायलेय. ती बाळंतीण न्हाई! अंगाला हात लावू देईना, शेक घेईना. लेकरू इकत आनलंय."

तिच्या नजरेला मी मानलं. सरांच्या बायकोनं पोटाला उशी बांधून डोहाळजेवणसुद्धा करून घेतलं होतं. लोक काय म्हणतील या भीतीनं त्या दोघांनी केलेलं ते नाटक मला गुन्ह्याचा पुरावा वाटलं. मूल विकल्याचा गुन्हा नोंदवून मी बाळाला शिशुगृहात पाठवलं. बाळंत झालेली खरी बाईही त्याच दिवशी सापडली. ती क्लासच्या मुलींची मेस चालवायची. विधवा होती, सासर जळकोटकडचं. माहेर भूकंपात सगळंच्या सगळं गेलेलं. एकुलती एक मुलगी तिच्याजवळ राहून बारावी करत होती.

महिला शिपायासमोर मी चौकशी सुरू केली.

"लेकरू कुणाचं?"

"सरचं अन् बाईचंच हाय."

"बाळंत तू झालीस ना?"

"हाव. मी नुसतं पोटात वाढवलं. कागदात लिव्हलंय समदं."

तो कागद सरांनीही पुढं केला होता. बारा पानी करारनामा, इंग्रजीत. मी तो मुद्देमालात लावला आणि आवाज चढवला. ती रडली नाही, हात जोडून एवढंच म्हणाली, "काय इचारायचं ते मला इचारा, साहेब. गावाकडं मानूस धाडू नका. सासरचे माझी पोरगी उचलून नेतील."

खोटं बोलणारा माणूस नेहमी गावाला घाबरतो, असं माझं तेव्हाचं ज्ञान! मी दोन शिपाई गणवेशात पाठवले. त्यांनी तिच्या सासरच्या गावी बसथांब्यावर चारचौघांत विचारलं, हिच्या पोटात लेकरू कुणाचं होतं?

चार दिवसांनी सरकारी वकिलांनी तो करारनामा वाचला आणि चष्मा काढला.

"हे तुम्ही वाचलंत का?"

"नाही, सर."

"बीज नवऱ्याचं, बीज बायकोचं. या बाईनं फक्त गर्भ वाढवला. सरोगसी म्हणतात याला. यावर कायदा अजून नाही, नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मूल विकलंय कुठं? ज्यांचं त्यांच्याकडंच गेलंय."

डीएनए तपासणीनंही तेच सांगितलं, पण अहवाल येईपर्यंत ते तान्हं बाळ आईवडील असून शिशुगृहात राहिलं. मग मी ते परत केलं आणि गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल कोर्टात पाठवला.

आता कायदा आहे. पैशासाठी गर्भ वाढवणं बंद झालंय. स्वतःचं मूल असलेली बाई स्वखुशीनं आणि आयुष्यात एकदाच ते करू शकते, आणि मूल कुणाचं याचा आदेश न्यायालयाकडून आधीच घ्यावा लागतो. असा आदेश माझ्या हातात असता तर मी थांबलो असतो, अशी स्वतःची समजूत मी पुष्कळदा घातली आहे. ती खोटी आहे. कागद तेव्हाही हातात होता. माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली म्हणून मी तो कुणाकडून वाचून घेतला नाही, आणि ज्या बाईला सगळं माहीत होतं तिला खोटारडी ठरवलं.

गुन्हा निकाली निघाल्याचं सांगायला मी मेसवर गेलो. मुलीची पुस्तकं फळीवर तशीच होती. सासरची माणसं तिला परीक्षेआधीच घेऊन गेली होती. बाईनं भाकरी थापता थापता माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माझा काईच गुन्हा न्हाई?"

"नाही."

"मग ते दोन शिपाई परत गावाकडं धाडा ना, साहेब. तसंच, चारचौघांत सांगायला."

मी 'बघतो' म्हणालो. शिपाई कधीच पाठवले नाहीत, आणि मी स्वतःही गेलो नाही.