नसलेल्या हाताची खाज

माझ्या वडिलांचे मावसभाऊ, म्हणजे आमचे काका, यांच्याइतका माणसाच्या कातडीवर, जिभेवर आणि कानांवर अविश्वास असलेला मनुष्य साऱ्या मावळात दुसरा झाला नसेल. पुण्यात शास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि लोणावळ्याला आमच्याकडे येऊन राहिले ते, आईच्या मते, आल्यागेल्याचा छळ करायला. पाहुणा ओसरीवर टेकतो न टेकतो तोच काका त्याच्यापुढे तीन तपेली मांडत. एकात कढत पाणी, एकात विहिरीचं गार, मधल्यात कोमट. एक हात कढतात, दुसरा गारात बराच वेळ ठेवायला लावून मग दोन्ही कोमटात घालायला सांगत. एकाला ते गार लागे, दुसऱ्याला ऊन. "आता सांगा, पाणी कसं आहे?" पाहुणा गोंधळला की काका तृप्त. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मंडळींचीही सुटका झाली नाही. मुलाच्या वडिलांचे दोन्ही हात तपेल्यांत आणि पोहे समोर निवत चाललेले. लग्न जमलं ते बहिणीचं नशीब. घाटातल्या मालगाडीच्या शिट्टीनं पाहुणे दचकत, आम्हाला ती ऐकूच येत नसे. काका म्हणत, "कान ऐकतो रे, मन दखल घेत नाही."

अशा या ओसरीवर एकदा कुरवंड्याचे दोघे शेतकरी भाऊ पाणी प्यायला थांबले. धाकट्याचा उजवा हात दगडाच्या खाणीत कोपराच्या वरून गेला होता. थोरला त्याला देवऋषीकडे नेत होता. "तुटल्याल्या हाताला खाज सुटती म्हनतोय," थोरला म्हणाला. "भूतच हाय. बायकू भिऊन माहेराला गेलीया, इंदुरीला."

काका हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी धाकट्याला विचारलं, "कुठलं बोट खाजतंय?"

त्याला असं आजवर कुणी विचारलं नसावं. खाली बघत तो म्हणाला, "आंगठा."

काकांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि उरलेल्या दंडावर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हळूहळू दाबत गेले. एका जागी तो दचकला. "आंगठ्यालाच हात लावला की तुमी." काकांनी तिथंच नखानं खाजवलं. त्याचा चेहरा सैल पडला आणि मग तो रडायलाच लागला.

"हाताकडून डोक्याकडे जाणारी तार मध्येच तुटलीय," काका थोरल्याला म्हणाले. "राहिलेल्या टोकातून निरोप जातो, आणि डोक्याला वाटतं, तो अंगठ्यानंच धाडला."

"म्हंजी ह्यो खोटं न्हाई बोलत?"

"खाज खरी आहे."

दुसऱ्याच दिवशी काका इंदुरीला निघाले. मी सोबत होतो. बायको दाराआडून बोलत होती. "मास्तर, त्यो हात घरात फिरतो का वो?" आमच्यापुढे तासतासभर व्याख्यान देणारे काका तिथं चार वाक्यंच बोलले. हात कुठंही फिरत नाही, नवऱ्याला वेड लागलेलं नाही, त्याला त्रास मात्र खरोखर होतो, आणि इथं खाजवलं की थांबतो; असं म्हणून त्यांनी स्वतःच्या दंडावर जागा दाखवली. मग बाहेर येऊन तिनं काकांच्या दंडावरची ती जागा नीट बघून घेतली. आठवड्याभरात ती कुरवंड्याला परतल्याचं कळलं.

काका पुढे चार वर्षांनी गेले. त्यानंतरच्या सुगीत नवरा-बायको दोघं नवे तांदूळ घेऊन दारात उभी राहिली. काका गेल्याचं मी सांगितलं तेव्हा ती पायरीवरच बसली. "कवाधरनं यायचं यायचं म्हनत हुतो," ती म्हणाली, "भाताची कामं सरंनात." बोलता बोलता तिचा हात नवऱ्याच्या दंडावर गेला आणि खाजवू लागला. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. आईनं चहा दिला, तो त्यांच्या पुढ्यात निवला.

निघताना तो काकांच्या खोलीच्या दाराशी घुटमळला. "आता महिन्यातनं येकादुसऱ्या डावाला खाजतं," तो मला म्हणाला. "मास्तरांस्नी सांगायचं हुतं."