सहा आठवडे न पुसलेली भिंत

मावशीला कुणी घाणेरडी म्हटलं असतं तर सगळं हॉस्पिटल पोट धरून हसलं असतं. तीस वर्षं ऑपरेशनची खोली पुसणारी बाई ती! मोठमोठ्या तोऱ्याचे डॉक्टर, पण मावशीने "थांबा, फरशी ओली आहे" म्हटलं की हातातली फाइल छातीशी धरून दारातच उभे राहायचे. दोन बादल्या, दोन फडकी, एक साबणाच्या पाण्याचं, एक साध्या पाण्याचं. पुसायचं ते वरून खाली आणि कोपऱ्यातून दाराकडे. नवीन आलेल्या बायकांना ती हे शिकवायची, आणि कुणी उलटं पुसताना दिसली की तिच्या हातातलं फडकं हिसकावून घ्यायची. चकाचक मावशी म्हणायचे तिला. तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचंही.

अशा बाईला घाणेरडी म्हणायला एकच जीभ धजावली. ती जीभ वरच्या मजल्यावर राहत होती.

ती घरमालकीण. तिला भाडेकरू मागून कलमबाई म्हणत. कुणी नळ गळतो म्हणालं, कुणी कडी तुटली म्हणालं, की ही बाई भाडेकरार प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिना उतरायची, चष्मा लावायची आणि कलम वाचून दाखवायची. आवाज असा, की अख्ख्या जिन्याला ऐकू जावा. त्या करारात मालकाची कामंही लिहिलेली होती म्हणे. पण ते पान उलटताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

भांडण होतं भिंतीवरून. मावशीचा नवरा रंगारी. पस्तीस वर्षं लोकांच्या भिंती खरवडल्या, त्यांची धूळ गिळली, आणि साठी गाठायच्या आत छातीचा भाता फाटला. आता तो आतल्या खोलीत पलंगावर बसून असायचा. दुपारच्या सुट्टीत मावशी धावत घरी यायची, त्याला औषधाच्या वाफेचं मशीन लावून द्यायची आणि परत कामावर पळायची. हॉस्पिटल शंभर पावलांवर म्हणून ते जमत होतं. दुसरीकडे घर घ्या म्हणणाऱ्यांनी आधी ती शंभर पावलं त्या माणसाबरोबर चालून बघावीत. तीनदा थांबायला लागतं.

आणि नेमकी त्याच्या पलंगामागची भिंत काळी पडायला लागली. आधी छताजवळ बोटभर, मग हातभर, मग थेट उशीपर्यंत. बुरशी! दर रविवारी मावशी पलंग ओढायची, नाकाला रुमाल बांधायची आणि भिंत धुऊन पांढरी करायची. बुधवारी पुन्हा काळी. छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "थंडीच्या आत ही ओल घरातून जायला हवी. नाहीतर यांना कायमचा ऑक्सिजन लागेल."

मावशी वर गेली. कलमबाईने दारातच पिशवी उघडली.

"कलम सात. भाडेकरूने घर स्वच्छ आणि हवेशीर ठेवावे. तुम्ही खिडक्या उघडत नाही, आत कपडे वाळत घालता, स्वयंपाकाची वाफ कोंडून ठेवता. बुरशी येईल नाहीतर काय येईल?"

"खिडकी सकाळी सहाला उघडते मी. आणि कपडे मागच्या अंगणात असतात, तुमच्या डोळ्यांसमोर. आता आठवं कलम वाचा की. पाइप, छत, भिंती मालकाने बघायच्या."

"बिघाड असेल तर! कुठाय बिघाड?"

"तुमच्या न्हाणीघरात. आमचे हे म्हणतात, वाफेने भिंतीला असे फोड येत नाहीत. आत पाइप पाझरतोय."

"माझं न्हाणीघर ठणठणीत आहे. तुम्ही जरा हातपाय हलवा. घाणेरड्या माणसाला घर द्यायचं म्हणजे ही कटकट."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी थांबली असती तर हात उचलला गेला असता, म्हणून ती तडक जिना उतरली. दुसऱ्या दिवशी तिने आरोग्य खात्यात अर्ज टाकला.

तीन आठवड्यांनी निरोप आला. मंगळवारी अकराला तपासनीस येणार. नवऱ्याने तिला दहा वेळा बजावलं, "अगं, भिंतीला हात लावू नकोस. त्याला डाग दिसू दे." ती म्हणाली, "मला काय अक्कल नाही का?" आणि मंगळवारी सकाळी ती नवऱ्याला छातीच्या तपासणीसाठी हॉस्पिटलात सोडून आली, साडेआठला.

आता पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही कपाळावर हात माराल. मारा. मीही मारला.

तिने आधी फक्त ओटा पुसला. साहेब येणार, ओटा नको पुसायला? मग टेबल. मग वाटलं, पलंगाखाली जाळं असेल, म्हणून पलंग ओढला. समोर ती भिंत. परका माणूस, सरकारी माणूस, कागद घेऊन येणार आणि चकाचक मावशीच्या घरात हे बघणार? तिने फक्त कडेला बोटभर पुसलं. मग तो पांढरा पट्टा वाईट दिसायला लागला, म्हणून शेजारचं पुसलं. दहा वाजता ती भानावर आली तेव्हा बादलीतलं पाणी काळं होतं आणि भिंत डॉक्टरच्या कोटासारखी.

तपासनीस चांगला माणूस होता. त्याने भिंत पाहिली, हात फिरवला, मान हलवली. "ओल थोडी जाणवते. पण पुसलेली भिंत ओलीच लागणार. बाई, डागच नाही, तर वरच्या घराचं दार मी कशाच्या जोरावर ठोठावू? नियमच तसा आहे."

कलमबाई पिशवीसकट हजर होतीच. "बघा साहेब, पुसलं की जातं! म्हणजे इतके दिवस पुसत नव्हत्या. लिहून घ्या, कलम सात."

त्याने तसंच लिहिलं. काय करणार? फेरतपासणीची तारीख मिळाली सहा आठवड्यांनंतरची, म्हणजे थंडीच्या तोंडावर.

नवऱ्याने ऐकलं, आणि तो माणूस तिला एक शब्दही वावगा बोलला नाही. "सवय गं," एवढंच म्हणाला. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिने ठरवलं. सहा आठवडे भिंतीला फडकं लावायचं नाही. पण तोवर त्याला त्या खोलीत ठेवणं म्हणजे मारणंच. त्याची रवानगी नणंदेकडे केली. ती नणंद म्हणजे एक शहाणी. फोनवर म्हणाली, "वहिनी, घर पुसायला वेळ मिळत नाही वाटतं?" मावशीने तेही गिळलं. तिकडे वेळेवर वाफेचं मशीन लावून द्यायला माणूस नव्हता. दर चार दिवसांनी फोनवर त्याचा आवाज आणखी बसलेला यायचा.

इकडे भिंत वाढत होती. काळ्यावर हिरवं आलं, हिरव्यावर लव आली. घरात शिरलं की कुबट वास नाकात बसायचा. मावशी दिवसभर लोकांच्या फरशा लख्ख करून यायची आणि त्या घाणीसमोर जेवायची. हात शिवशिवायचे. एकदा फडकं भिजवून भिंतीपर्यंत गेलीसुद्धा. मग तिने दोन्ही बादल्या शेजारणीकडे नेऊन ठेवल्या आणि सांगितलं, "मी मागितल्या तरी देऊ नकोस." शेजारीण हसली. मावशी हसली नाही.

पाचव्या आठवड्यात कलमबाईला काय सुचावं? सकाळी सकाळी दारात एक परका रंगारी उभा. ब्रश, शिडी, रंगाचा डबा. मागे कलमबाई, तोंडभर हसू.

"म्हटलं, तुम्हाला जमत नाही तर मीच करून देते. एक हात मारला की झालं. भाडेकरूची काळजी मालकाने नको घ्यायला?"

दोन वर्षं पाय धरले तेव्हा खिळा ठोकून दिला नाही, आणि आता तपासणी आठ दिवसांवर आली तर काळजी! मावशीने दारात दोन्ही हात पसरले.

"माझ्या घरातली घाण कुणी झाकायची नाही."

"घर माझं आहे!"

"घर तुमचं. घाण कुणाची ते साहेब ठरवतील. तोवर या भिंतीला जो ब्रश लावेल, त्याचा ब्रश मी त्याच्या घशात घालीन."

रंगारी शिडी घेऊन चालता झाला. तो शहाणा होता.

तपासनीस आला, भिंत पाहिली आणि रुमाल नाकाला लावला. मावशीची मान शरमेने खाली गेली, पण तोंड चाललं. "साहेब, आमच्या यांनी सांगितलंय, वरच्या न्हाणीघरात बादलीभर पाण्यात नीळ कालवून ओता. आणि थांबा."

कलमबाईने थयथयाट केला. पण आता डाग होता, आणि नियम होता. नीळ ओतली. तासाभरात मावशीच्या भिंतीवरच्या फोडांतून निळा ओघळ उतरायला लागला, सरळ उशीच्या जागेपर्यंत. तपासनीसाने ओघळाला बोट लावून बघितलं. मग त्याने लिहिलं, पंधरा दिवसांत मालकाने पाइप बदलावा आणि भिंत नव्याने करून द्यावी.

"पण साहेब, यांनी सहा आठवडे पुसलं नाही, हेही लिहा!" कलमबाई ओरडली. "कलम सात!"

तपासनीस अवघडला. "बाई, ते मला लिहावं लागेल. पुसायचं काम तुमचंच. तुमच्यावर ताशेरा येईल, दुरुस्ती त्यांच्यावर. सही कराल का?"

कागदावर लिहिलं होतं, 'मी सहा आठवडे घराची स्वच्छता ठेवली नाही.' तीस वर्षं! तीस वर्षांत एकाही कागदावर तिच्या नावापुढे असलं वाक्य आलं नव्हतं. तिने पेन घेतलं, आधी पदराला पुसलं. मग सही केली, ठळक, वळणदार.

कलमबाई जिन्यात मोठ्याने सांगत सुटली, "स्वतः लिहून दिलं हो, स्वतः!"

"दिलं," मावशी दारातून म्हणाली. "आता तुम्ही पाइप द्या."

सगळे गेल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला. पलीकडे आधी नुसताच धाप लागलेला श्वास ऐकू आला.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "मग या घरी."

"भिंत कशी आहे?"

"काळीकुट्ट. दुरुस्ती होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणालेत." एवढं बोलून तिला रडू फुटलं. "आणि अहो, मी घाणेरडी आहे असं सही करून दिलंय हो मी."

तो काहीतरी म्हणायला गेला, पण त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत ती फोन कानाला धरून बसून राहिली.