बठ्ठासना नंबर लागस

अक्का दारावर हाताने टकटक करत नसत. पदराखाली धरलेलं लाटणं काढून चौकटीवर दोनदा वाजवत आणि दार उघडेपर्यंत दाराकडे पाठ करून गल्लीकडे बघत उभ्या राहत. दार उघडल्या उघडल्या दुसऱ्याच्या घरातलं उघडं-वाघडं आपल्या नजरेला पडू नये, अशी त्यांची रीत होती. मग वळून म्हणायच्या, "ताई, उद्या तुमना नंबर. पीठ मळी ठेवा."

तुम्ही खानदेशात एखादा उन्हाळा काढला असेल तर हा नंबर तुम्हाला सांगायला नको. ज्यांनी काढला नसेल त्यांच्यासाठी सांगते. उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे ही एकट्या बाईची कामं नव्हेत. बिबड्यांची ज्वारी आंबवायची, दळायची, उजाडायच्या आत मोठ्या पातेल्यात तिखट-तीळ-लसूण घालून शिजवायची आणि तो घाटा गरम आहे तोवर ओल्या कापडावर थापून खाटांवर वाळत घालायचा. घाटा गार झाला की खेळ संपला. म्हणून गल्लीतल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे जात. मजुरी कोणी कोणाला देत नसे. चहा आणि तेल घातलेला वाटीभर घाटा, बस्स.

जळगावात मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत हे नंबर अक्का लावत. त्यांचं माहेर सोनगीरचं. लग्नात आलेलं पितळेचं अवाढव्य पातेलं त्यांनी गल्लीलाच देऊन टाकल्यासारखं होतं. उन्हाळाभर ते या घरातून त्या घरात फिरे आणि पावसाळ्यात अक्कांच्या माळ्यावर पालथं पडे.

मी कचेरीत नोकरीला. आठवडाभर कोणाकडे लाटायला जाणं मला जमायचं नाही. पहिल्या वर्षी मी आपणहून म्हटलं की माझ्याकडे नका येऊ, मी फेड कशी करणार? अक्का हसल्या. म्हणाल्या, "बठ्ठासना नंबर लागस, ताई. नोकरीवालीना इतवारले लागस." त्या रविवारी माझ्या गच्चीवर अख्खी गल्ली होती. पुढे मला बढती मिळाली, तेव्हाही माझ्यासाठी एवढी माणसं जमली नाहीत.

"बठ्ठासना नंबर लागस", म्हणजे सगळ्यांचा नंबर लागतो, हे अक्कांचं पालुपद होतं. नळावर भांडण झालं की तेच, रेशनच्या रांगेत तेच, कोणाच्या मुलीचं लग्न जमत नसलं तरी तेच. आणि नळाचा किंवा पापडाचा नंबर त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाचा चुकवला नाही. लोक त्यांच्या शब्दावर बिनघोर झोपत.

आता ज्याने हे सगळं मोडलं त्या माणसाकडे येते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लीतल्या एका बाईचा कोणी नातलग धुळ्याहून आला होता. रणरणत्या एप्रिलमध्ये गळ्यात टाय. अक्कांच्या अंगणात लिंबाखाली बायका लाटत बसल्या होत्या, तो ओट्यावर बसून बघत राहिला. त्याला पापड दिसलेच नाहीत. त्याला दिसल्या बायका. एका हाकेला जमणाऱ्या, एकमेकींवर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्या, आयत्या. त्याने अक्कांना विचारलं की एवढ्या जणी तुम्ही बिनपैशाने गोळा करता तरी कशा? अक्कांनी भोळेपणाने नंबराची सगळी रीत समजावून दिली.

"मग आमच्या कंपनीचं तरी वेगळं काय आहे, अक्का?" तो म्हणाला. "तुम्ही तिघींना मदत करायची, त्या आणखी तिघींना. सगळ्यांचा नंबर लागतो."

माझ्यासमोर बोलला. त्या वाक्याने माझं डोकं आजही फिरतं. अक्का लोभाला भुलल्या असत्या तर मला एवढं वाटलं नसतं. पण त्या भुलल्या त्यांच्याच वाक्याला. त्याने ते त्यांच्या तोंडून घेतलं, आपल्या पिशवीत घातलं आणि त्यांनाच परत विकलं.

कारणही होतं. अक्कांचे यजमान, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, डाळ मिलमध्ये कामाला होते. वर्षानुवर्षांची धूळ छातीत बसलेली. रात्रभर खोकत आणि सकाळी डबा घेऊन पुन्हा मिलमध्ये जात. नानांना त्या धुळीतून घरी आणून ओट्यावर बसवायचं, एवढंच अक्कांना हवं होतं.

कंपनीचा माल म्हणजे भांडी घासायचं पातळ औषध, टूथपेस्ट आणि ताकदीच्या पावडरीचे डबे. आमच्याकडे राखेने भांडी घासणाऱ्या बायकांनी ते महागडं औषध अक्कांसाठी घेतलं. नको कसं म्हणणार? ज्या बाईने तुमच्या घरचे पापड वर्षानुवर्षं लाटले तिला? पहिल्या तिघी लगेच झाल्या. त्या तिघींनी आपापल्या तिघी धरल्या. अक्कांना जळगावच्या एका सभागृहात स्टेजवर बोलावून छातीला बिल्ला लावला गेला, टाळ्या झाल्या. उभ्या आयुष्यात त्या बाईसाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. घरी येऊन त्यांनी तो बिल्ला देवापुढे ठेवला.

मग कॅसेटी सुरू झाल्या. यश कसं मिळवायचं याच्या. पावडर विकण्याआधी कॅसेट विकत घ्यायची, दर महिन्याला नवी. अक्कांकडे टेपरेकॉर्डर नव्हता, माझा घेऊन गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातून दुपारभर कोणी तरी पुरुष ओरडत असे की गरिबी हा तुमच्या विचारांचा आजार आहे. आत भाकरी थापणारी बाई ते ऐके, आणि तिचा नवरा तेव्हा डाळीची पोती वाहत असे.

एकदा मी त्यांच्याबरोबर धुळ्याला मोठ्या सभेला गेले. एस.टी.त पारोळ्यापर्यंत त्या मला समजावत होत्या की मी नकारात्मक बोलते. हा शब्द त्यांच्या तोंडात नवा होता, दाताखाली खडा यावा तसा त्या तो उच्चारत. सभागृह खच्चून भरलेलं. शेतकरी, मास्तर, पोराला कडेवर घेतलेल्या बाया. टायवाला आता 'सर' झाला होता. मला राहवलं नाही. मी उभी राहून विचारलं की इथल्या प्रत्येकाने तिघांना आणलं आणि त्या प्रत्येकाने आणखी तिघांना, तर थोड्याच दिवसांत सगळं धुळं-जळगाव संपेल. मग शेवटी आलेल्यांनी काय आपल्या म्हशींना पावडर विकायची?

लोक हसले. सरही हसले. म्हणाले, "ताई, हिशेब करणारे स्टँडवरच राहतात, गाडी निघून जाते." तुफान टाळ्या. अक्का माझा पदर ओढून मला खाली बसवत होत्या, लाजेने लाल झाल्या होत्या. बाहेर आले तर टेबलावर कॅसेटी, पुस्तकं आणि पुढच्या सभेची तिकिटं. रांग दारापर्यंत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सरांच्या गाडीचं पेट्रोल पावडरीवर निघतच नव्हतं. ते या रांगेवर निघत होतं. माणूस हरला की त्याला कॅसेट विकायची, कॅसेट ऐकूनही हरला की दुसरी. हरणारी माणसं हाच त्यांचा माल होता, आणि तो माल आपल्याकडे कधी कमी पडला आहे?

गल्ली संपायला फार दिवस लागले नाहीत. टोकाच्या घरात कल्पना राहायची. नुकतीच नर्स झालेली, घरात पहिली शिकलेली मुलगी. दर बुद्धपौर्णिमेला खीर घेऊन आधी अक्कांकडे जायची. ती कंपनीत सगळ्यात शेवटी आली. तिच्यापर्यंत येईतो माझं सोडून गल्लीतलं एकही घर उरलं नव्हतं. प्रत्येक जण कोणाच्या तरी खाली होता. तिने दवाखान्यातल्या मैत्रिणींना विचारलं, तर त्या तिला बघून वॉर्ड बदलू लागल्या. खाटेखाली डबे तसेच. एका संध्याकाळी ती अक्कांच्या ओट्याशी आली. मी तिथेच होते.

"अक्का," ती म्हणाली, "माझा नंबर कधी लागणार?"

भांडायला आली नव्हती हो ती. पापडाचा विचारावा तसंच तिने विचारलं.  अक्का म्हणाल्या, "लागी व माय. लागी." पण कल्पनाकडे न बघता म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सरांना गाठलं. सरांचं उत्तर तयारच होतं. त्या मुलीच्या मनात आग नाही, तिची इच्छाच कमी आहे, अशा माणसांपासून दूर राहा. म्हणजे कल्पनाने खीर आणली तरी दार उघडू नका! अक्का धडपडल्या. कल्पनाचे डबे त्यांनी पदरचे पैसे देऊन परत आणले, मग दुसरीचे, मग तिसरीचे. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. नाना त्या डब्यांच्या थप्पीला टेकून खोकत.

गल्लीत मात्र जे तुटायचं ते तुटलं होतं. लाटणं वाजलं की आतला रेडिओ बंद होई. पोरांना सांगितलेलं असे, आई घरी नाही म्हणून सांग. कोणी दुष्ट नव्हतं. पण ज्या लाटण्याने आजवर फक्त देणं आणलं होतं, ते आता मागायला येत होतं, आणि नाही म्हणायची गल्लीला सवय नव्हती. म्हणून गल्लीने दारं लावली.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांनी बिबड्यांची ज्वारी भिजत घातली. दारोदार सांगून आल्या. जिथे दार उघडलं नाही तिथे बाहेरूनच सांगितलं. उजाडायच्या आत मी गेले. अंगणात खाटा मांडलेल्या, कापडं ओली केलेली, चुलीवर पितळेचं पातेलं रटरटत होतं. आम्ही दोघी आणि नाना. अक्का सारख्या गल्लीकडे बघत. मी थापायला लागले, नानाही वाकून थापू लागले, पण आमचे हात कितीसे पुरणार? पातेलं अर्धं झालं नाही तो वरचा घाटा धरू लागला. मग घट्ट झाला. अक्कांनी एक गोळा उचलला, तो फुटला. त्या हात धुऊन लिंबाखाली बसल्या.

मला वाटलं, आता शिव्या घालतील. गल्लीला नाही तर त्या सराला तरी. मी वाट बघत होते, खरं सांगते.

"मनंच काही चुकनं व्हई, ताई," त्या म्हणाल्या. "मीच कमी पडनू. सरनी सांगेल व्हतं, ज्याना मनमा आग नही त्याले फळ नही."

माझा राग तेव्हापासूनचा आहे आणि तो कमी व्हायचं नाव घेत नाही. चोर घरातलं नेतो, पण जाताना घरच्यालाच 'तूच चोर' असं पटवून जात नाही. यांनी तेही केलं. ज्या बाईने कोणाचा नंबर चुकवला नाही, तिला यांनी सांगितलं की तुझ्यातच खोट आहे, आणि तिने ते ऐकलं. जिंकले तर पद्धत थोर, हरले तर माणूस खोटा. असला धंदा बुडेल कसा? त्यात माणसंच बुडतात.

नानांच्या छातीने मिल सोडवली, कंपनीने नाही. पावसाळ्याच्या तोंडी ती दोघं सोनगीरला निघाली, भावाच्या शेजारी एक खोली घेऊन राहायला. टेम्पो भरत होता. माझ्या चौकटीवर लाटणं दोनदा वाजलं. मी दाराशी गेले, आणि कडीला हात लावून क्षणभर थांबले. त्या क्षणभराची चाहूल त्यांना लागली असणार. दार उघडलं तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. पायाशी पातेलं, घासून लख्ख केलेलं. राखेने घासलेलं होतं.

"भिऊ नका, ताई," त्या वळून म्हणाल्या. "आज काही इकाले येल नही शे. हाई गल्लीमाच राहू द्या. उन्हाळामा लागी."

मी काही बोलायच्या आत त्या पुढे गेल्या. एकेका चौकटीवर लाटणं वाजवत, कोणाला भेटत, कोणाच्या बंद दाराला हात जोडत टोकाला पोचल्या. कल्पनाची रात्रपाळी झाली होती, ती घरातच होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांनी लाटणं दोनदा वाजवलं आणि दाराकडे पाठ करून गल्लीकडे बघत उभ्या राहिल्या. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. त्याने पुन्हा दिला. दार उघडलं की त्या घरातलं काही आपल्या नजरेला पडू नये म्हणून अक्का तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या.