पटावरची शेवंता

हेडगुरुजींनी खुंटीवरची पितळी घंटा काढली. माझ्या बहिणीला पोरांकडं तोंड करून उभं केलं आणि तिच्या डोक्यामागं, कानापासून वीतभर अंतरावर, लाकडी हातोडीनं ती घंटा बडवली.

समोरच्या पोरांनी कानांवर हात ठेवले. शेवंता हलली नाही.

"बघितलंस?" गुरुजी मला म्हणाले. "आता सांग, शिकवायचं कुणाला? ह्या खांबाला?"

पोरं हसली. पोरं हसताना बघून शेवंताही हसली. काय झालं ते तिला कळलंच नव्हतं. सगळे हसतायत म्हणजे काहीतरी चांगलं झालं असणार, असं तिला वाटलं. मग पोरं आणखी हसली.

"तुमच्या महारवाड्यातली बोलती पोरं शिकंनात, अन् ही मुकी शिकायची व्हय गं?"

मी काय केलं? हे लिहिताना हात अडतो. पण लिहायला बसले आहे तर खरं लिहिलं पाहिजे. मी हात जोडले. म्हणाले, "चुकलं, गुरुजी."

माझं मागणं एवढंच होतं, की शेवंताला ओसरीवर चपलांजवळ न बसवता वर्गात, फळ्यासमोर बसवा.

ती नऊ वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि कान घेऊन गेला. मी कोपरगावला कॉलेजात शिकते. आमच्या घरातून तिथवर गेलेली मी पहिलीच. दर सुट्टीत घरी आले की शेवंतापुढं घागर ठेवायची आणि पाटीवर 'घागर' लिहायची. मग विळा. मग भाकरी. ती माझ्या बोटांकडं बघायची, ओठांकडं बघायची आणि तसंच उतरवायची. तिला पन्नासेक शब्द येतात. स्वतःचं नाव येतं. गुरुजींनी मात्र तीन वर्षांत तिची पाटी एकदाही हातात घेतली नव्हती.

यंदा, एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, माझी परीक्षा लवकर उरकली. गावची शाळा सकाळची झाली होती. घंटेच्या त्या प्रकारानंतर आठ दिवसांनी तपासणीचे साहेब येणार होते. आदल्या दिवशी शेवंतानं शाळेच्या दोन्ही खोल्या शेणानं सारवल्या. त्या कामाला तिचे कान लागत नव्हते.

तपासणीच्या सकाळी गुरुजींचा निरोप आला, "मुकीला आज घरीच ठेवा."

मी तिच्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, पाटी हातात दिली आणि तिला घेऊन शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले. आत साहेब हजेरी घेत होते. शेवंताचं नाव आलं.

"हजर!" पुढच्या ओळीतली एक मुलगी उठून म्हणाली.

ती गुरुजींची भाची. चार दिवसांसाठी मामाकडं आलेली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एक पोर कमी झालं असतं तर पट घसरून शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांची जागा गेली असती. म्हणून शेवंताचं नाव लागत होतं. तीन वर्षं रोज हजर. शेवंता मात्र नको होती.

दोन वर्षं मी कॉलेजात शुद्ध बोलायला शिकत होते. त्या घडीला त्यातलं काही तोंडात आलं नाही.

"ती न्हाई ओ साहेब. ही हाय शेवंता."

साहेबांनी मान वळवली. "हिला ऐकू येत नाही?"

"न्हाई."

"मग हजेरी कशी देते?"

मी शेवंताच्या खांद्याला हात लावला, पाटीकडं बोट केलं. तिनं नाव लिहिलं आणि पाटी छातीवर धरली. या वेळी पोरं हसली नाहीत.

साहेबांनी पाटी बघितली. घड्याळ बघितलं. शेरेबुकात लिहिलं, पटावरील मुलीची खात्री करावी. शिकवण्याबद्दल एक अक्षर नाही. चहा पिऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आईला आणि मला बोलावलं. टेबलावर कोरा कागद आणि शाईचं पॅड.

"आम्ही शेवंताचं नाव स्वखुशीनं काढून घेत आहोत, एवढं लिही. कॉलेजात जातीस न्हवं? आई अंगठा दील."

तिच्या जागी भाचीचं नाव चढणार होतं, म्हणजे ती परत गेली तरी पट तेवढाच राहिला असता.

आई उसात खुरपायला जायची ते रान गुरुजींच्या भावाचं. ती हळूच म्हणाली, "दे बाई लिहून. कशाला वाकडं घेतीस?"

मी लिहिलं. घडी न घालता आईपुढं ठेवलं.

"वाच की. काय लिहिलंस?" आईनं विचारलं.

मी मोठ्यानं वाचलं. "माझी मुलगी शेवंता हिला ऐकू येत नाही. तिला वर्गात फळ्यासमोर बसवावे. तिचे नाव काढण्यास माझी संमती नाही."

गुरुजी उठले. "लई शानी झालीस का गं? उद्यापास्नं तुझ्या आईला बांधावर कोण उभं करतं तेच बघतो."

आई पॅडकडं बघत राहिली. मला वाटलं, ती मलाच बोलणार. मग तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर असा दाबला, की शाई कडेनं बाहेर आली.

"माजी पोर सारवायला चालती," ती म्हणाली, "तर बसायला बी चालंल."

दुसऱ्या सकाळी आईला रानातून परत पाठवलं. त्याच सकाळी मी शेवंताला फळ्यासमोर बसवलं. गुरुजींनी उठवलं. मी बसवलं. पुन्हा उठवलं. पुन्हा बसवलं. सुट्टी लागेपर्यंत रोज हेच चाललं. आई आता दीड कोसावरच्या रानात कामाला जाते. आमच्याकडं कुणी येत नाही.

शाळा जूनमध्ये उघडेल. कॉलेजही तेव्हाच सुरू होईल. माझे दिवस बुडाले तर बुडोत. पहिल्या सकाळी मी शेवंताला घेऊन त्याच दारात उभी असेन. तिला उठवलं तर बसवीन. घंटा वाजवली तर वाजू दे. त्या माणसापुढं मी पुन्हा हात जोडणार नाही.