पात्यापुढचा ऊस

आमच्या शेतकी शाळेच्या शेडमध्ये घोड्यांनी ओढायचं ऊसतोडणीचं जुनं यंत्र पडून होतं. खाली रुंद पातं, मागे हाकणाऱ्याची लोखंडी बैठक. एका दुपारी मी सहज तिच्यावर बसलो. समोर उभा ऊस असता तर मला काहीच दिसलं नसतं.

"वडिलांनाही दिसायचं नाही," शेडचे राखणदार गणूमामा म्हणाले. त्यांचे वडील हे यंत्र हाकायचे. "घोड्यांच्या कानांवर नजर ठेवून चालवायचे. एकदा घोडे मध्येच अडले. चाबूक ओढला तरी हलेनात. उतरून बघतात, तर घोड्यांच्या पुढं दोन हातांवर आई आडवी पडलेली. मी तेव्हा तिच्या पोटात होतो."

आपण आंधळेपणानं पुढे जात असताना किती वेळा कुणीतरी मुकाट्यानं आपल्याला अडवलं असेल, असं वाटून गेलं.

"झोप लागली असेल त्यांना," मी म्हणालो.

"नाही." मामा पात्याकडे बघत होते. "डोळे उघडे होते. घोडे जवळ येताना ती ऐकत पडली होती. का, ते तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही."