हाच माणूस परत पाठवा

फर्मने मला कायम केलं, तेव्हा माझ्यासाठी प्लायवूडची एक आडभिंत उभी केली. बाईमाणूस आहे, तिला आडोसा हवा, असं मोठ्या साहेबांना वाटलं आणि सुताराने ठोकाठोक करून मला एका कोपऱ्यात बंद केलं. बाहेर पोरं, आत मी. त्या आडोशामागे मी कित्येक वर्षं दुपारचा डबा एकटीने खाल्ला. लोक म्हणायचे, बघा, पोरीला केबिन मिळाली. आईने तर शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं. केबिनची हौस मला होतीच, ते कशाला लपवू? ती मिळाल्यावर ऑफिसात बोलायला कोणी उरणार नाही, हे मात्र ठाऊक नव्हतं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नागपुरातली ती सीए लोकांची मोठी फर्म. चार पार्टनर, बर्डीवरच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आणि विदर्भभर पसरलेले क्लायंट. जिनिंगवाले, तेलमिलवाले, संत्र्याचे व्यापारी. सीए व्हायचं तर अशा फर्ममध्ये तीन वर्षं आर्टिकल म्हणून उमेदवारी करावी लागे आणि ती जागा मामा, काका नाहीतर साडू यांच्या ओळखीने मिळे. सर्वांत ज्येष्ठ पार्टनर, म्हणजे मोठे साहेब, मात्र तत्त्वाचे. त्यांनी सगळ्यांची एकच लेखी परीक्षा घेतली. पेपरवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. वरच्या नंबरांत मी निघाले आणि तो निघाला.

तो म्हणजे नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या एका बौद्ध घरातला मुलगा. छप्पन साली त्याच्या आईवडलांनी दीक्षा घेतली तेव्हा तो आईच्या कडेवर होता, असं त्याने एकदा सांगितलं होतं. वडील कापड गिरणीत. माझे वडील रेल्वेत कारकून. आम्ही नुकतेच प्रताप नगरात राहायला गेलो होतो. तेव्हा तिथे घरं कमी आणि बाभळी जास्त. मी सायकलने बर्डीवर यायची. ऑफिसात बायकांसाठी सोय नव्हती, म्हणून खालच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जायला लागे. तिथल्या कंपाउंडरला वाटायचं, ही पोरगी कायमची आजारी आहे.

आमच्या निवडीचं साहेबांना फार कौतुक होतं. क्लबात ते सांगत, आमच्याकडे मुलगी आहे, सगळ्या समाजाची मुलं आहेत, आम्ही फक्त नंबर बघतो. ऑफिसातल्या पोरांचं मत वेगळं होतं. माझ्याबद्दल म्हणत, ऑफिसला शोभा म्हणून घेतली. त्याच्याबद्दल म्हणत, वरून कोणाचा तरी फोन आला असणार. परीक्षेत आमच्या मागे राहिलेलेच हे बोलत, आणि त्यांतला एक तर एका पार्टनरचा सख्खा भाचा! मला असा संताप यायचा की पेन्सिलीचं टोक मोडायचं. तो मात्र शांत. म्हणायचा, "बोलू द्या. त्यायचं तोंड, आपलं काय जाते?"

खरं शिक्षण ऑफिसात नव्हतं, बाहेरगावी होतं. चार-चार पोरांची टोळी क्लायंटच्या गावी जाई, आठवडाभर तिथेच राही. गावात हॉटेल कुठलं असायला? ऑडिटवाले म्हणजे मालकाचे पाहुणे. त्याच्याच घरी झोपायचं, त्याच्याच घरच्या पंगतीत जेवायचं. ही रीत इतकी जुनी होती की तिच्याबद्दल कोणी बोलतही नसे. मला पाठवत नसत, कारण मुलगी झोपणार कुठे? हे निदान तोंडावर सांगितलं जाई. त्याला का पाठवत नाहीत, ते कोणी सांगत नसे. कधी जीपमध्ये जागा नसायची, कधी इथलं काम अडायचं. दर वेळी अगदी साधं कारण, आणि दर वेळी तोच मागे.

मग सगळं ऑफिस रिकामं व्हायचं आणि आम्ही दोघं उरायचो. बाहेरून व्हाउचरांचे गठ्ठे यायचे. एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने वहीतल्या आकड्यावर टिक मारायची, हे आमचं काम. तो वाचायचा. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, एका लयीत चालणारा. तीन हजार दोनशे, टिक. एकशे पंचाहत्तर, टिक. दिवसदिवस आमच्यात याखेरीज बोलणं होत नसे, तरी संध्याकाळी घरी जाताना मला वाटायचं, आज किती गप्पा मारल्या. सुरुवातीला आम्ही एकाच टेबलाच्या दोन टोकांना डबे उघडायचो. पुढे टोकं जवळ आली. त्याच्या आईची जवसाची चटणी इतकी तिखट, की डोळ्यांतून पाणी काढत मी ती खायची आणि तो हसायचा. त्या ऑफिसात माझं माणूस म्हणावं असं एवढंच एक होतं.

तिसऱ्या वर्षी फर्मने ठरवलं, यंदा एका आर्टिकलला पास झाल्यावर पगारी नोकरीत ठेवायचं. जागा एक. आम्हा दोघांनाही ती हवी होती आणि हे आम्ही एकमेकांपासून लपवलं नाही. त्याच्या वडलांच्या गिरणीचं काही खरं नव्हतं. आज बंद पडते की उद्या, असं चाललेलं. माझ्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. नोकरी लागली असती तर मला वर्ष-दोन वर्षं श्वास घेता आला असता. साहेबांनी नियम आधीच जाहीर केला होता. एकच कसोटी, सगळ्यांना सारखी. क्लायंट म्हणतो का, हाच माणूस परत पाठवा?

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. परत पाठवायला आधी एकदा पाठवायला नको का!

आणि पाठवलं. परीक्षा नुकतीच संपली होती, बाकी पोरं अजून रजेवर होती आणि नरखेड तालुक्यातल्या एका संत्रा व्यापाऱ्याचं काम अडलं होतं. दिवसाभराचं काम, पाच वाजताच्या एसटीने परत, म्हणजे झोपण्याचा प्रश्न नाही. साहेब म्हणाले, "दोघं जाऊन या." मी घरात सांगितलं तर आईने नवी साडी काढून दिली. जणू मला बघायलाच कोणी येणार होतं.

बागेला लागूनच घर होतं. ओसरीवर मालकांनी पाणी दिलं आणि विचारपूस सुरू केली. आधी माझी. वडील काय करतात, मूळ गाव कोणतं. माझं आडनाव त्यांच्या ओळखीचं निघालं. मग त्याची. "तुमचं गाव कोणतं गा? घर गावात कोणत्या अंगाले?" त्याने सांगितलं. सरळ, जसं आहे तसं. मालकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरं बरं. लागा मग कामाले." आम्ही संत्र्याच्या पेट्या रचलेल्या शेडमध्ये बसलो. तो वाचत होता, मी टिक मारत होते. बाहेर पंप चालू होता. मी इतकी खूश होते की दोनदा चुकीच्या ओळीवर टिक मारली.

दुपारी मालकीणबाई आल्या आणि माझा हात धरला. "चाल वं बाई, पोरीच्या जातीनं बाहेर काहून जेवावं? आत चाल." मी विचारलं, "अन् हे?" त्या म्हणाल्या, "त्यायले वाढून राहिले बाहेर, माणसायसंगं. तू चाल." मी गेले. चुलीजवळ पाटावर बसवून त्यांनी मला माहेरी आलेल्या लेकीसारखं जेवू घातलं. पुरणपोळी, तीवर तुपाची धार, भरीत, कढी. नको नको म्हणताना आणखी एक पोळी. ऑफिसात दोन-अडीच वर्षं उपरी म्हणून राहिल्यावर कोणी असं हात धरून आत नेतं, याचं मला रडूच येऊ घातलं होतं.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. तो सीटवर खिडकीशी, मी त्याच्या शेजारी, समोरच्या दांडीला धरून. मी विचारलं, "जेवले ना पोटभर?" तो म्हणाला, "हो, जेवलो." मग काटोलपर्यंत मीच बडबडत राहिले.

दोन महिन्यांनी, निकाल लागला त्या आठवड्यात, साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. आधी तो गेला. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग मी. साहेबांनी तोच प्रश्न मला विचारला, त्याच शब्दांत. क्लायंट तुला परत बोलावतो का? आणि उत्तरही स्वतःच दिलं. "त्यांचा निरोप आलाय. पोरीला परत पाठवा म्हणतात. घरच्यासारखी वागली." मी हसले असेन. मग ते म्हणाले, "त्याचं काम चोख आहे. पण तो मिसळत नाही गं. मालक सांगत होते, जेवायलाही बसला नाही, बागेत फिरत राहिला. अशाने क्लायंट दुखावतो. माझा तर नियम सगळ्यांना सारखा."

मी म्हटलं, "सर, ते जेवले. मला स्वतः सांगितलं त्यांनी." साहेबांनी खांदे उडवले.

मी बाहेर येऊन त्याला विचारलं. त्याने गठ्ठ्याची दोरी आवळून गाठ मारली. मग हळू म्हणाला, "कोणी बलावलंच नाही. शेडमंधी बसून राहिलो. दीड वाजले, दोन वाजले. मंग बागेत गेलो, दोन खाली पडेल संत्री खाल्ली, पंपावर पाणी पेलो."

मला जे झालं ते राग या शब्दात मावत नाही. तो "थांबा" म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. दार न वाजवता मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. गाव विचारलं ते, मला आत नेलं ते, बाहेर वाढलंय असं खोटं सांगितलं ते. उपाशी ठेवायचं आणि जेवला नाही म्हणून नावं ठेवायची, हा कुठला न्याय, असंही म्हणाले. माझा आवाज चढला होता.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच लागलं होतं. ते म्हणाले, "मला वाटलं होतं त्याचा स्वभावच तसा आहे. स्वभाव असता तर मी समजावलं असतं, आणखी सहा महिने बघितलं असतं. मी त्याला तसं बोललोही होतो, जरा मिसळायला शीक, मग बघू." मग म्हणाले, "पण हे असं असेल, तर मी त्याला कुठे पाठवू? तूच सांग. माझ्या घरी तो चहा पितो, मला काही नाही. पण क्लायंटच्या चुलीपाशी जाऊन मी कायदा शिकवू का?"

आज या प्रश्नाला पन्नास उत्तरं सुचतात. क्लायंट सोडा, हे एक. आमच्या माणसांना डबे द्या आणि कोणाच्या घरी जेवूच देऊ नका, हे दुसरं. तेव्हा मी फक्त उभी राहिले. साहेबांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "जागा तुझी. आनंदाने घे."

तो बाहेर उभा होता. दार उघडंच राहिलं होतं, सगळं ऐकू गेलं होतं. दोन-अडीच वर्षांत आम्ही एकमेकांना कधी 'तुम्ही' सोडलं नव्हतं.

"तुले कोणं सांगितलं होतं वं सांगायले?" तो म्हणाला. "न मिसळणारा होतो तं होतो. ते सुधरवता आलं असतं मले. सहा महिने भेटले होते. आता काय सुधरवू?"

मी म्हटलं, "पण ते खोटं बोलले."

"हो ना. त्यायच्या खोट्यात मले जागा होती."

त्याने डब्याची पिशवी उचलली आणि जिन्याकडे गेला. मी मागे धावले. पोरं बघत होती, बघू दे. पहिल्या वळणावर तो थांबला, वर न बघता.

"एक इचारू?"

"विचारा ना."

"त्या दिवशी आत काय होतं जेवायले?"

मी म्हटलं, "काही विशेष नाही. वरणभात होता."

"खोटं नको बोलू," तो म्हणाला. "बसमंधी दांडीले धरून बसली होतीस. काटोल येईलोक तुह्या हाताले तुपाचा वास येऊन राहिला होता."

मग तो उरलेल्या पायऱ्या उतरून गेला.