आकड्यातली माया

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की माझे भाऊजी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा बघायचे आणि टेप हातात घ्यायच्या आधीच मला हळूच सांगायचे, "कंबर चौतीस. पण वर्षभरात छत्तीस होणार, नवीनच लग्न झालेलं दिसतंय." माप घेतलं की चौतीसच निघायचं, आणि भाऊजी त्या पँटला मागच्या शिवणीत दोन इंच माया ठेवून द्यायचे. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. वर्षभराने तोच माणूस पोट आत ओढून परत यायचा, आणि भाऊजी त्याला काही न विचारता पँट सैल करून द्यायचे.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. मी त्यांची मेहुणी. त्याच दुकानात काजं-बटणं आणि तुरपाई करते, कापायच्या टेबलापासून चार हातांवर बसून. त्यामुळे त्यांचा हात थरथरायला लागला हे ताईच्या आधी मला कळलं. सकाळी खडूची रेघ वाकडी जायची, ती पुसून ते दुसरी काढायचे. दारुडा म्हटला की आरडाओरडा, फेकाफेक, असं मला वाटायचं. भाऊजींनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. संध्याकाळी घरी आले की स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत स्टुलावर बसायचे आणि परीक्षेचा पेपर लिहावा तसे मान खाली घालून प्यायचे. अशा माणसावर चिडणार तरी कसं? मी चिडायचेच.

ताईने शेवटी निर्वाणीचं सांगितलं, "तीन महिने देते. तेवढ्यात दारू कमी झाली नाही तर मी लेकीकडे जाणार, कायमची." ताई बोलते ते करते. एकदा काकांशी अबोला धरला, तो ते वारल्यावर त्यांच्या फोटोशीसुद्धा मोडला नाही. भाऊजींना दारू लागायची तशी ताईही लागायची. ती गेली असती तर ते महिनाभर टिकले नसते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंटरनेटवरच्या एका कार्यक्रमाचं नाव कागदावर लिहून दिलं. रोज किती पेग घेतले ते फोनवर भरायचं. मग फोन धीराचे दोन शब्द सांगायचा आणि आकड्यांची रेघ काढून दाखवायचा. सुरुवात सगळ्यांची एकट्यानेच. सहा आठवड्यांनी ज्यांचा आकडा उतरला नसेल त्यांना एक माणूस मिळायचा, दर आठवड्याला फोन करून बोलणारा, खराखुरा.

"मला माणूस नको," भाऊजी म्हणाले. "माणसाशी काय बोलू? फोन बरा. त्याला नाक नाही."

त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून भरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "काल किती?"

"नऊ. पण तू चौदा लिही."

"चौदा कशाला?"

"अगं, जास्त ठेवलं की पुढे कापता येतं. नऊ लिहिले आणि नऊच राहिले तर काय कापू?"

मी हसले. तेव्हा हसले याचा मला आज संताप येतो. हसत हसतच मी चौदा लिहिले.

पुढच्या आठवड्यात तेरा लिहिले, मग बारा, मग दहा. भाऊजी नऊच घेत होते. लबाडी करावी असं त्यांच्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आकडा खाली उतरेल आणि त्याच्या मागोमाग आपणही उतरू, असं त्यांना खरंच वाटत होतं. सहाव्या आठवड्यात आकडा सातवर आला. भाऊजी होते तिथेच होते. फोनवर हिरवी रेघ उमटली आणि खाली अक्षरं आली: शाब्बास, तुम्ही स्वतःच्या बळावर पुढे जाऊ शकता. म्हणजे माणूस मिळणार नव्हता. मी ती रेघ ताईला दाखवली. तिने फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "लेकीला पाठव ही." त्यानंतर तिने जाण्याचा विषय काढला नाही.

नवव्या आठवड्यात भाऊजींनी एका कोटाचं कापड बिनमायेचं कापलं. अंगाचं जेवढं माप तेवढंच, शिवणीलाही जागा नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कापड गिऱ्हाइकाचं, महागाचं. दुकानाचा मालक ओरडला नाही, त्याने नुसती कात्री उचलून आपल्या खणात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मास्तर माझ्या शेजारी बसून बटणं लावायला लागले. सुईत दोरा मी ओवून द्यायची.

अकराव्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. भाऊजी एकदम म्हणाले, "आज खरं लिही. अकरा झाले काल. मला माणूस पाहिजे."

"ताई रेघ बघते रोज," मी म्हटलं.

"बघू दे. जाईल तर जाईल. माझ्याच्याने एकट्याने होत नाही गं."

मी अकरा लिहिले. आदल्या दिवशीचा आकडा दोन होता. फोनने विचारलं: आकडा चुकून दोनदा दाबला गेला का? १ म्हणायचे आहे का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

मी वाचून दाखवलं. भाऊजींनी चष्मा वर करून ते चौकोन बघितले. मग म्हणाले, "बघ, त्यालासुद्धा पटत नाही." आणि माझ्या हातातला फोन जवळ ओढून त्यांनीच होय दाबलं. मी त्यांचा हात धरू शकले असते. धरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यक्रमाच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाई गोड बोलल्या. "त्यांची प्रगती फार छान आहे. आमच्याकडे माणसं मोजकी, ज्यांना गरज आहे त्यांनाच देतो." मी सांगितलं, आकडे खोटे आहेत. त्या म्हणाल्या, "मग त्यांनी स्वतः पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवावं लागेल." मी भाऊजींच्या हातापाया पडले. ते म्हणाले, "पुन्हा सगळं माप द्यायचं? नको, राहू दे."

तीन महिने पुरे झाल्यावर कार्यक्रमाने अभिनंदनाचं पत्र पाठवलं. त्याला दीड वर्ष झालं. भाऊजींचे डोळे आता पिवळे असतात, पोट फुगलंय, दुकानात येणं कधीच बंद झालं. डॉक्टर ताईशी बोलतात, त्यांच्याशी बोलत नाहीत.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. ताई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "ताई, ते आकडे खोटे होते. मीच लिहीत होते."

तिने हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली. "ठाऊक आहे. रोज सकाळी बाटली मी बघत होते. चौदा कधीच नव्हते. नऊ होते."

"पहिल्यापासून कळत होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला जावं लागलं असतं."